समोर सोडून कुठेही

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचं दुकान होतं औषधांचं, बाजाररस्त्याच्या वळणावर, आणि 'मास्तर' हे नाव पडलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. गोळ्यांचं पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात दिलं तरी ते सोडायचे नाहीत. एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात, दुसरं यांच्या. "आता तुम्ही मला सांगा. ही कधी घ्यायची? जेवायच्या आधी की नंतर? आणि दोन दिवसांत बरं वाटलं तर सोडून द्यायची का?" उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घाईतली माणसं वैतागायची, रांगेत मागे उभी असलेली पोरं नक्कल करायची. पण त्या रस्त्यावर चुकीच्या वेळी चुकीची गोळी घेणारा माणूस शोधूनही सापडला नसता, हे वैतागणारेही कबूल करायचे.

मास्तरांना तर ते पक्कंच ठाऊक होतं. नम्रपणा हा काही त्यांचा गुण नव्हता, आणि त्यांनी तसा आवही कधी आणला नाही. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे. बायकोही त्यांच्यासारखीच फार्मसी शिकलेली, काउंटरची अर्धी बाजू तिचीच. ती म्हणायची, "अहो, स्वतःची आरती स्वतःच किती वेळा ओवाळाल? हात दुखतील."

या माणसाची ऐट उतरवणारा एकच विषय होता, आणि तो म्हणजे 'समोरची'. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर यांच्या दारासमोर, एका बाईंनी औषधांचं दुकान थाटलं होतं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मास्तरांच्या घरात त्या बाईंना नाव नव्हतं. समोरचीने दुकान लवकर उघडलं, समोरचीने नवी पाटी लावली, समोरचीकडे आज गर्दी आहे. यांनी गिऱ्हाइकांसाठी बाक ठेवला की तिकडे आठवड्याच्या आत खुर्च्या यायच्या. तिने पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवलं की इकडे पंखा फिरायला लागायचा. दोघांची नजरानजर रोज व्हायची, बोलणं मात्र कधीच नाही. दोन्ही घरांत केर-लादीला येणारी बाई एकच होती. तिच्याकडून मास्तरांच्या बायकोला कळलं होतं की त्या घरात मास्तरांनाही नाव नाही, तिथे ते 'समोरचे' आहेत. ही गंमत तिने नवऱ्याला सांगितली नाही. काही गमती एकटीने खाण्यात मजा असते.

अशात नवा नियम आला. औषध दुकानदारांनी आणि नर्सेसनी पुढचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि काही महिने डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं, तर ठरावीक आजारांवर ठरावीक औषधं त्यांना स्वतः लिहून देता येतील. मास्तरांनी ही बातमी वाचली आणि चहा तसाच ठेवला. जन्मभर ते काउंटरच्या अलीकडून एकच वाक्य बोलत आले होते, "डॉक्टरांना विचारा." समोरच्या माणसाला काय झालंय हे दिसत असायचं, कुठली गोळी लागेल हे माहीत असायचं, डॉक्टरांच्या दवाखान्यात उभं राहायला जागा नसायची, तरी हेच वाक्य. ते बरोबर होतं, म्हणून तर जास्त टोचायचं.

पन्नाशी उलटलेला माणूस पुन्हा अभ्यासाला बसला. नाश्त्याला बायको पुस्तक धरून प्रश्न विचारायची. त्याच त्यांच्या चालीवर, पोह्याची बशी एका हाताने धरून ठेवून, "आता तुम्ही मला सांगा" म्हणायची. उत्तर चुकलं की बशी मागे. मास्तर एका झटक्यात पास झाले, डॉक्टरांच्या हाताखालचे महिनेही काढले. दुकानामागची खोक्यांची खोली रिकामी झाली, तिथे टेबल आलं, हात धुवायचं बेसिन आलं, बीपीचं मशीन आलं, वजनकाटा आला आणि रोग्याला निजवून तपासायला एक अरुंद पलंग आला. पांढरा कोट शिंप्याकडून मापाने शिवून घेतला. अक्षर गिरवलं ते वेगळंच. "माझी चिठ्ठी आंधळ्यानेही वाचली पाहिजे," असं ते म्हणाले, आणि बायको हसून हसून बेजार झाली.

शिकवणीतला एक भाग मात्र त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता. ज्याने औषध लिहायचं, त्याने ते द्यायचं नाही. त्याच्या दुकानानेही द्यायचं नाही. रोग्याने चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानात जायचं, आणि कुठल्या ते रोग्याने ठरवायचं. लिहिणाऱ्याने त्यात एका शब्दानेही पडायचं नाही. तिथल्या फार्मासिस्टने चिठ्ठी तपासायची, शंका आली तर थेट लिहिणाऱ्याला विचारायची, आणि ती शंका परवाना देणाऱ्या परिषदेकडे नोंदवायची. पहिलं वर्ष परीक्षेचं. वर्ष संपल्यावर परिषद सगळं बघणार, आणि मग परवाना पक्का होणार किंवा रद्द होणार.

"म्हणजे माझी चिठ्ठी समोरची तपासणार?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"दुसरं दुकान पार पुलापलीकडे आहे. तुम्हीच सांगा लोक कुठे जातील."

पहिला रोगी आला तो कोट शिवणारा शिंपीच. बोटात सुई घुसून बोट सुजलं होतं, लाल झालं होतं. मास्तरांनी बोट बघितलं, ताप बघितला, आणखी काय काय विचारलं, सुबक अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि तिच्याखाली स्वतःची सही केली. आपल्या सहीकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुठल्याही दुकानातून घ्या. इथून मात्र नाही." शिंपी रस्ता ओलांडून समोर गेला. मास्तर दाराच्या काचेआड उभे. समोरचीने चिठ्ठी घेतली, वाचली, चष्मा वर केला, पुन्हा वाचली, आणि फोन उचलला. मास्तरांच्या दुकानातला फोन वाजला.

"समोरून बोलतेय," ती म्हणाली. दोन्ही दुकानांच्या काचांमधून दोघं एकमेकांना अगदी स्वच्छ दिसत होते. "अडीचशेची गोळी, दिवसातून चार वेळा लिहिलीत. पाचशेची दोनदा का नाही?"

"चालतं की तसंही."

"चालतं. पण हा माणूस दिवसभर मशीनवर असतो. दुपारची एक तरी विसरणारच. पाचशेची तुमच्याकडे येत नाही, माहितीये मला. तुम्ही बोट बघून लिहिलंत, की तुमची फळी बघून?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण ते खरं होतं. इतक्या वर्षांत हात ज्या फळीवर जायचा, पेनही तिथेच गेलं होतं, आणि त्यांना पत्ताच लागला नव्हता. त्यांनी चिठ्ठी बदलून दिली. समोरचीने शंका नोंदवली, नियमच होता तसा. पण मास्तरांच्या मनात एकच घर करून बसलं, ही बाई मला वर्ष काढू देणार नाही.

तिने पुढेही दोनदा विचारलं. एकदा मुलाचं वजन चिठ्ठीवर राहिलं होतं म्हणून, एकदा मलम किती दिवस लावायचं ते नव्हतं म्हणून. दोन्ही वेळा ती बरोबर होती, तेच तर सोसवेना. मग मास्तरांनी एक वाक्य बदललं. "कुठल्याही दुकानातून घ्या" याच्या जागी ते म्हणायला लागले, "समोर सोडून कुठेही घ्या." आवाज खाली, मान दुसरीकडे. पुलापलीकडचा दुकानदार भला माणूस होता. चिठ्ठी बघायचा, मान डोलवायचा, औषध काढून द्यायचा. त्याचा कधी फोन आला नाही.

ते महिने मास्तरांचे सोन्यासारखे गेले. चिठ्ठ्या जात होत्या, एकही परत येत नव्हती. लोक आता "मास्तर लिहून देतात" असं दुसऱ्या मोहल्ल्यात सांगायला लागले होते. नुसतं काउंटरवर असताना मास्तर जसे बोलायचे, तसे ते मागच्या खोलीत बोलेनासे झाले होते. कोट अंगावर चढला की भाषाही चढायची. काउंटरवर "पोट साफ होतं का?" विचारणारा माणूस आत गेला की "शौचास नियमित होते का?" विचारायचा. बायकोने हे ऐकलं होतं. एकदा म्हणालीही, "आत कोण येऊन बसतं हो, तुमचे साहेब?" मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं.

मग शाळेतल्या स्वयंपाकीणबाई आल्या. थकलेल्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या, वाक्यावाक्याला "बाबा" म्हणणाऱ्या. लघवीला जळजळ होत होती. मास्तरांनी तपासलं, नाडी पाहिली, लघवी तपासली आणि साहेबी आवाजात विचारलं, "सध्या अन्य काही औषधोपचार चालू आहे का?"

"नाही बाबा."

"पूर्वीचा काही गंभीर आजार?"

"होता, बरा झाला की तो."

मास्तरांनी चिठ्ठी लिहिली. "समोर सोडून कुठेही घ्या," म्हणाले. बाईंनी मान हलवली, बाहेर आल्या, पुलाच्या दिशेने बघितलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरल्या.

फोन वाजला. या खेपेला समोरची "समोरून बोलतेय" म्हणाली नाही. "या बाई रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. माझ्याकडूनच नेतात. हृदयाची झडप बदललीय त्यांची. त्यावर हे औषध दिलं तर रक्त थांबायचं नाही. तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं," मास्तर म्हणाले. "नाही म्हणाल्या."

समोरचीने फोन कानावरून जरा दूर धरला आणि बाईंना विचारलेलं मास्तरांना ऐकू आलं. "मावशी, तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत? रोज गोळी घेता ते?"

"ते औषधाचं विचारत होते गं," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "औषध म्हणजे बाटलीतलं. ती तर माझी गोळी आहे. रोजचीच."

मास्तर फोन धरून उभे राहिले. काउंटरवर असते तर त्यांनी विचारलं असतं, "मावशी, सकाळी उठल्यावर कुठल्या गोळ्या घेता, सांगा बरं मला," आणि पाकीट सोडलं नसतं. आत, कोट घालून, त्यांनी पुस्तकातला प्रश्न विचारला होता आणि पुस्तकातलं उत्तर घेतलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाईंनी त्यांचं ऐकलं असतं तर? गुडघे धड असते तर? पुलापलीकडे मान डोलली असती, औषध मिळालं असतं, आणि चार दिवसांनी कोणीतरी येऊन सांगितलं असतं. बायकोने स्टूल पुढे सरकवलं तेव्हा कळलं की आपण बसायला जागा शोधत होतो.

त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन करून बाईंना त्यांच्याकडे पाठवलं. कोट काढून खिळ्याला लावला. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा काउंटरवरच्या भाषेत विचारायला लागले. "काय काय तोंडात टाकता दिवसभरात? गोळी, चूर्ण, काढा, शेजारणीने दिलेलं काही?" आणि प्रत्येक रोग्याला म्हणायला लागले, "कुठल्याही दुकानातून घ्या, इथून सोडून." लोक पुन्हा समोर जायला लागले. फोन पुन्हा वाजायला लागला. समोरची पहिल्यासारखीच विचारायची, मास्तर पहिल्यासारखेच चिडायचे, पण आता चिडून चिठ्ठी वाचून बघायचे. कधी तिचं बरोबर निघायचं, कधी यांचं. यांचं बरोबर निघालं की दिवसभर शीळ घालत काम चालायचं.

वर्ष संपलं. परिषदेचं बोलावणं आलं. मोठ्या शहरात, मोठ्या इमारतीत, लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्या बाई अध्यक्ष, केस पांढरे, बोलणं मोजकं. समोरच्या बाजूला एका खुर्चीवर समोरचीही होती, कारण सगळ्या शंका तिच्या नावावर होत्या आणि नियमाप्रमाणे तिलाही बोलावलं होतं. इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच एका खोलीत बसले होते. मास्तरांनी नवा शर्ट घातला होता, कोट आणला नव्हता.

अध्यक्षबाईंनी कागद चाळले. "सुरुवातीला शंका आहेत, ते साहजिक आहे. एक गंभीर आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळीची. ती वेळेत सापडली, आणि नंतर तुम्ही विचारायची पद्धत बदललीत, ही गोष्ट तुमच्या बाजूने आहे. पण मला हे मधले महिने विशेष वाटतात. इतक्या चिठ्ठ्या, आणि एकही शंका नाही. उत्तम काम आहे. तसं लिहितेही मी इथे." त्यांनी पेन उचललं. "फक्त एवढंच कळत नाही की त्यानंतर पुन्हा शंका का वाढल्या. काही अडचण होती का घरी?"

दुसरा सभासद आपणहून म्हणाला, "वयोमानाने दमणूक होते. परवाना द्यायला हरकत दिसत नाही."

मास्तरांना उत्तर आयतं ताटात वाढलेलं होतं. दमलो होतो म्हटलं की झालं. परवाना पक्का, पाटीवर सोनेरी अक्षरं, जन्मभर रस्त्याने जाताना मान ताठ. समोरची खाली बघत होती. तिला ठाऊक होतं. स्वयंपाकीणबाईंनी तिला सांगितलंच असणार, मास्तर काय म्हणाले होते ते. तरी ती तोंड उघडत नव्हती. तिला विचारलंच नव्हतं कोणी, आणि मास्तरांच्या जिवावर उठायची तिची इच्छा नव्हती हे तिच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं. इतकी वर्षं आपण हिच्याबद्दल काय काय बोललो, हे मास्तरांना त्या क्षणी आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"थांबा," ते म्हणाले. "ते लिहू नका."

पेन थांबलं.

"त्या महिन्यांत मी उत्तम काम केलेलं नाही. त्या महिन्यांत माझ्या चिठ्ठ्या कोणी वाचल्या नाहीत. मी लोकांना सांगत होतो, समोर सोडून कुठेही जा म्हणून. नियमात बसत नाही ते, मला माहीत होतं. या बाई वाचतात, म्हणून मी लोकांना यांच्याकडे जाऊ देत नव्हतो. त्या चिठ्ठ्यांत काय काय चुकलं असेल ते मला माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही. ते महिने माझ्या बाजूने धरू नका. शंका आल्यात ते महिने धरा. त्यांत मी जे काम केलंय ते खरं आहे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "ते महिने काढले तर तुमचं वर्ष पूर्ण होत नाही. आणि रोग्याला दुकान सुचवणं हा नियमभंग आहे, त्याची ताकीद द्यावी लागेल. लेखी."

"द्या."

"परीक्षा पुढे चालू राहील. परवाना आज मिळणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय," मास्तर म्हणाले. आणि विशेष म्हणजे त्यांची मान ताठच होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके सरळ बसले नव्हते.

बाहेर जिन्यावर समोरची त्यांच्या मागून उतरत होती. "गप्प बसला असतात तर आज घेऊन गेला असतात," ती म्हणाली.

"गेलो असतो," मास्तर म्हणाले. "पण तुमच्या दुकानासमोर ती पाटी लावून रोज कसा बसलो असतो? तुम्हाला तर वाचता येतं."

ती हसली. मास्तरांनी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

इकडे दुकानात बायको काउंटरवर होती, समोर चार गिऱ्हाइकं, त्यात तो शिंपी आणि स्वयंपाकीणबाईही. सगळ्यांना ठाऊक होतं आज काय आहे ते, त्यामुळे औषध घेऊन कोणीच जात नव्हतं. "मिळाला का?" तिने विचारलं.

"नाही मिळाला."

"मग आवाज असा का येतोय? पहिला नंबर आल्यासारखा?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. मधले महिने, उचललेलं पेन, 'ते लिहू नका' म्हटलेलं, आणि लेखी ताकीद. बायको ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं तिला भान राहिलं नाही. तिला या माणसाचा अभिमान आजवर पुष्कळदा वाटला होता, पण बहुतेक वेळा तो अभिमान तिच्याआधी त्यालाच वाटून झालेला असायचा. आज पहिल्यांदा तिचा नंबर आधी लागला होता. तिने फोन छातीशी धरला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कोणी घरात सुवर्णपदक आणल्यावर सांगावं तसं सांगितलं, "ऐकलंत का? आमच्या यांना ताकीद मिळाली!"